दोनदा आलेला सहावा महिना

तैवानमधल्या मियाओलीच्या डोंगरात आमच्या गावामागचा उतार तीस वर्षांपासून फाटतो आहे. भेगेखाली सात घरं. चौथ्या घरात फान चिन-लानची आई एकटी राहते. चिन-लान माझी जुनी विद्यार्थिनी. गणितात बरी, पण मुखदुर्बळ. आता पंचेचाळिशीची आहे, गावच्या कचेरीत नोंदी सांभाळते.

भेगेच्या दोन्ही काठांना लोखंडी खुंट्या ठोकल्या आहेत. म्हातारे गु काका रोज सकाळी टेप लावून त्यांच्यातलं अंतर मोजतात. पूर्वी वहीत लिहायचे. दोन वर्षांपूर्वी कचेरीने त्यांना फोन दिला. महिना घाला, दिवस घाला, मिलिमीटर घाला, बटण दाबा. चिन-लान त्या नोंदींची महिन्यावार सरासरी काढते आणि कचेरीच्या भिंतीवरच्या पडद्यावर आलेख उमटतो. रेघ चढली की सात घरं हलवायची, असं ठरलेलं.

काकांचं बोट थरथरतं. बटण दोनदा दाबलं जायचं, एकाच तारखेच्या दोन नोंदी यायच्या. म्हणून चिन-लानने नियम घातला: एका तारखेची दुसरी नोंद आली की गाळायची. मीही हाच नियम घातला असता.

या वर्षी रेघ सहाव्या महिन्यापर्यंत आडवी होती, पुढे काहीच नाही. ऑगस्टची वीस तारीख आली तरी सातवा महिना रिकामा. कचेरीतले साहेब म्हणाले, "म्हातारा कंटाळला असेल. रेघ आडवी आहे ना? मग झालं." चिन-लानला राहवेना. ती काकांकडे आली तेव्हा मी तिथेच चहा घेत बसले होते.

"काका, महिनाभर तुम्ही काही भरलंच नाहीत."

"रोज भरतो. आजही भरलं. सहाव्याची सत्तावीस."

"सहावा संपून किती दिवस झाले."

"पहिला संपला, चिन-लान. हा अधिकातला. या वर्षी सहावा दोनदा आहे. कचेरीत कॅलेंडर नाही का तुमच्या?" त्यांनी चुलीजवळच्या रोज पान फाडायच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. चांद्र महिने आणि शेतीच्या, सणांच्या तिथ्या त्यावरच असतात. काका आयुष्यभर त्याच तिथ्या लिहीत आले. दोन वर्षं त्यांच्या नोंदी महिनाभर मागे दिसायच्या आणि कचेरीत सगळे म्हणायचे, म्हातारा उशिरा भरतो.

चिन-लानने तिथेच फोनवर गाळलेल्या नोंदी उघडल्या. सत्तावीस होत्या, पहिल्या सहाव्याच्याच तारखांवर दुसऱ्यांदा आलेल्या. अधिकाच्या पहिल्या दिवशी ४१४. दहाव्याला ४२१. विसाव्याला ४४०. आज ४६३.

"काका, एवढं वाढतंय तर बोलला का नाहीत?"

"तुम्हाला दिसतंय ना तिकडे पडद्यावर? तुम्ही गप्प, म्हणजे ठीकच असणार. शिकलेली माणसं तुम्ही."

चिन-लानने तिथूनच साहेबांना फोन लावला.

दोन दिवसांत सात घरं रिकामी झाली. चिन-लानची आई माझ्याकडे राहायला आली आणि पहिल्या दिवसापासून कुरकुरली. भात मऊ, गादी कडक, आणि पंधरा दिवसांवर सातव्याची पौर्णिमा. पितरांना कोंबडी-डुकराचं ताट तिच्याच ओट्यावर मांडायचं, परक्या घरात नाही.

"आई, उतार सरकतोय."

"तुझाच पडदा गेला महिना सगळं सपाट म्हणत होता."

"तो चुकला होता. चूक माझी होती."

"मग आजचा बरोबर कशावरून?"

चिन-लानने फोनवरचे काकांचे आकडे तिच्यापुढे धरले. मीही समजावलं, पण म्हातारी माझंही ऐकत नाही. गावातही तेच चाललं होतं. वादळाची बातमी आली तरी दोन घरं परत गेली. बायका नळावर म्हणायच्या, "फानची पोरगी रेघ एकदा खाली दाखवते, एकदा वर."

आज पौर्णिमा. सकाळी पाहिलं तर म्हातारीची गादी घडी करून ठेवलेली, माझ्या स्वयंपाकघरातून उकडलेली कोंबडी गेलेली. चिन-लानला फोन केला. ती कचेरीतून तशीच वर पळाली. फोन ठेवताना एवढंच बोलली, "बाई, काकांचा आजचा आकडा ५०६ आहे."

हे लिहिते आहे तेव्हा दुपारचे दोन वाजलेत. पाऊस अकरापासून लागून राहिलाय. चौथ्या घराची वाट माझ्या खिडकीतून दिसते, निदान सकाळपर्यंत दिसत होती. दोघींपैकी कोणी फोन उचलत नाही.