जामीन झाला, मेल पोचला नाही

तिच्या उजव्या हाताची तीन बोटं गाईच्या गव्हाणीजवळ सापडली. भावजयीने ती ओल्या फडक्यात गुंडाळली आणि टेम्पोत स्वतःच्या मांडीवर धरून नगरपर्यंत आणली. डॉक्टरांनी फडकं उघडून पाहिलं, मान हलवली आणि ते ट्रेमध्ये ठेवलं. मग खांद्याला, दंडाला आणि मानेच्या मागे टाके घालायला सुरुवात केली. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. तिचा नवरा जामिनावर सुटल्याचा मेल मी त्याच दिवशी सकाळी अकराला पाठवला होता. तो कोयता घेऊन आला दुपारी चारला. मधले पाच तास कुणीही तिच्या घराकडे फिरकलं नव्हतं.

मी नगरमधल्या एका समुपदेशन केंद्रात काम करते. नवऱ्याने, सासऱ्याने, दिराने मारलेल्या बायका आमच्याकडे येतात. सल्ला देणाऱ्या दुसऱ्या आहेत. माझं काम कागदांचं आणि निरोपांचं. कोण तुरुंगात गेला, कोण सुटला, कुठली बाई कुठे राहायला गेली, हे ज्यांना कळायला हवं त्यांना मी कळवते.

आधी त्यासाठी व्हॉट्सअॅपवर एक गट होता. एका बाईने माहेरही सोडून श्रीगोंद्याकडे खोली घेतली होती. तो पत्ता मी गटावर टाकला आणि गटातल्या कुणीतरी तो मजकूर तिच्या दिराला पाठवला. संध्याकाळच्या आत नवरा तिथे पोचला आणि त्याने वरवंट्याने तिचा जबडा फोडला. ती आजही भाकरी दुधात कुस्करून खाते. त्या आठवड्यात मी गट बंद केला आणि मेलची यादी केली: पोलीस पाटील, ठाण्यातले अंमलदार, संरक्षण अधिकारी, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, काही वकील. मेल एकेकाला स्वतंत्र जायचा. नियम एकच. आपल्या गावचा मेल आला की पोलीस पाटलाने स्वतः चालत त्या घरी जायचं, बाईला सांगायचं आणि ती सुरक्षित जागी जाईपर्यंत हलायचं नाही.

बोटं तुटलेली ही बाई शनिशिंगणापूरजवळच्या एका वस्तीवर भावाकडे राहत होती. नवऱ्याने आधी तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि एकदा हौदात डोकं बुडवून धरलं होतं. त्या केसमध्ये तो आत गेला. भावाचं घर तिकडच्या जुन्या रिवाजाचं. चौकट आहे, दार नाही. कुत्री आत येऊ नयेत म्हणून खाली एक फळी आडवी लावतात, तेवढंच. चोरी करणारा आंधळा होतो, वेशीबाहेर जाऊ शकत नाही, अशी श्रद्धा. भाऊ कारखान्यावर कामाला आणि भावजय दिवसभर शेतात. तिचा स्वतःचा मोबाईल नवऱ्याने आधीच दगडाने ठेचला होता.

भावाचा नंबर माझ्याकडे होता. मी फोन केला नाही. त्या दिवशी नेवाशाच्या कोर्टात दुसरी तारीख होती, फोन बंद ठेवावा लागतो. निघताना मी मेल पाठवला आणि मनात म्हटलं, काम झालं. हे मी कुणावर ढकलत नाही.

ती गव्हाणीत आंबोण कालवत होती. त्याने मोटारसायकल बांधावर उभी केली आणि काही न बोलता पहिला वार मानेवर केला. पदर जाड होता म्हणून मान वाचली. दुसरा वार तिने हातावर घेतला. भावजय घास कापून परत येत होती. तिने बांधावरचं खोरं उचललं आणि त्याच्या कानशिलावर घातलं. तो गुडघ्यावर पडला तेव्हा आणखी दोनदा घातलं. मग तो उठून पळाला आणि फाट्यावर पोलिसांच्या हाती लागला, एका कानातून रक्त गळत असताना.

तिसऱ्या दिवशी मी पोलीस पाटलाच्या ओट्यावर जाऊन बसले. पन्नाशीचा, नीटनेटका माणूस. खिशाला दोन पेनं, मोबाईलला चामडी पाकीट. मी चहा नको म्हटलं आणि मेल आला होता का ते विचारलं.

"न्हाई मॅडम. लई दिवस झालं, तुमचा एक बी मेल न्हाई. मला वाटलं केसी कमी झाल्या."

"आधीचे कुठे आहेत?"

"ते सगळे जपून ठिवलेत." त्याने पाकीट उघडलं, चष्मा लावला आणि बोटाने एक एक जागा ओलांडत स्पॅमची पेटी उघडली. सगळ्यात वर माझा मेल होता. न उघडलेला, ठळक अक्षरांत, अकरा वाजताचा. खाली त्या महिन्यातले आणखी चार. त्याआधीचं काहीच नव्हतं, कारण ती पेटी तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते. तो अंगठ्याने वर-खाली करत राहिला.

मग त्याने सांगितलं ते असं. आमच्या मेलला जखमांचे फोटो जोडलेले असायचे. पुरावा म्हणून मीच जोडायचे. मोबाईलवर नातवंडं खेळतात. नातीने एकदा फाटलेल्या डोक्याचा फोटो पाहिला आणि दोन दिवस जेवली नाही. शिवाय ओट्यावर मारणाऱ्या नवऱ्यांकडचे पाहुणेही येऊन बसतात, फोन हातात घेतात. म्हणून जिथे कुणी जात नाही अशी जागा त्याने शोधली. प्रत्येक मेल वाचून झाला की तो स्पॅमचं बटण दाबायचा.

"ही पेटी कोनीच उघडत न्हाई, मॅडम. म्हनून तिथं ठिवले."

आणि त्याने हे स्वतःपुरतं ठेवलं नव्हतं. तालुक्याच्या बैठकीत शेजारच्या गावांच्या पाटलांनाही शिकवलं होतं. युक्ती सगळ्यांना आवडली होती.

फोन मी त्याच्याकडून घेतला होता आणि माझा उजवा हात वर गेला होता. तो फोन ओट्याच्या दगडावर आपटावा की त्याच्या टाळक्यात घालावा, एवढंच ठरायचं राहिलं होतं. तेवढ्यात भावजय शेणाची पाटी घेऊन समोरून चालली होती, ती थांबली. तिच्या पोलक्याच्या बाहीवर अजून नणंदेच्या रक्ताचा डाग होता.

"चोरासाठी देव बसलाय दाराला," ती म्हणाली. "नवऱ्यासाठी कोन बसनार, पाटील?"

मी फोन पाटलाच्या हातात परत दिला. ती पाटी डोक्यावर सावरून पुढे गेली.

आमच्या शेजारच्या गल्लीत पॉलिटेक्निकला कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एक बाई राहतात. रविवारी चर्चमधून आल्या तशाच, पांढऱ्या साडीत, त्या आमच्या केंद्रात येऊन बसल्या. दोन तास त्यांनी काही खाल्लं नाही, आमच्या कॉम्प्युटरवर नुसते मेल तपासले. मग म्हणाल्या, "तुमचा मेल मीसुद्धा आत घेतला नसता, ताई."

आमचा पत्ता आमच्या वेबसाइटच्या नावाचा, पण मेल जायचे एका स्वस्त सेवेमार्फत. त्या सेवेला आमच्या नावाने पाठवायची परवानगी आहे, हे आमच्या वेबसाइटच्या नावाच्या सार्वजनिक नोंदीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. मेलवर आमची डिजिटल सहीही नव्हती. मेल पोचवणाऱ्या कंपनीला दिसायचं ते एवढंच, की कुणीतरी दुसऱ्याच्या नावाचा कागद घेऊन दाराशी आलाय. बदली झालेल्या, निवृत्त झालेल्या माणसांचे बंद पडलेले पत्ते मी काढले नव्हते. तिकडून मेल परत येत राहायचे. बंद घरांच्या कड्या वाजवत फिरणाऱ्याला गावात काय समजतात, असं त्यांनी मला विचारलं. ज्यांना मेल नको होते त्यांना नाव काढून घ्यायची सोय मी दिली नव्हती, मग त्यांनी रागाने स्पॅमचं बटण दाबलं. विषयाच्या ओळीत मी दरवेळी तीन उद्गारचिन्हं टाकून जिवाला धोका असं लिहायचे आणि खाली रक्ताळलेले फोटो. उत्तर कुणी देत नसे, कारण मी कधी मागितलंच नव्हतं.

"हे सगळं एकवेळ चाललं असतं," त्या म्हणाल्या. "पण तुमच्याच माणसांनी, ज्यांना मेल हवा होता त्यांनीच, हा नको म्हणून सांगितलं. एकानं नाही, तालुक्यानं. मशीनला त्यांच्या मनातलं कळत नाही. बोट कुठे दाबलं ते कळतं."

म्हणजे पाटलाने पहिले काही मेल स्वतःच्या हाताने तिथे टाकले आणि पुढचे आपोआप तिथेच जाऊ लागले. घंटी वाजत नव्हती म्हणून त्याला वाटलं मारहाण थांबली.

दुरुस्तीला महिना लागला. परवानगीची नोंद आणि सही बाईंनी बसवून दिली. मेलेले पत्ते मी काढले. ज्यांना नको त्यांच्यासाठी खाली नाव काढायची सोय ठेवली. फोटो जोडणं बंद, ते फक्त ठाण्यात आणि वकिलाकडे. विषयाच्या ओळीत गावाचं नाव आणि तारीख, बाकी काही नाही. मग मी बस पकडून बैठकांना गेले. राजूरपासून खर्ड्यापर्यंत पाटलांना समोर बसवून प्रत्येकाच्या फोनवर स्पॅममधून मेल बाहेर काढायला लावले, आमचा पत्ता साठवायला लावला. एक नवा नियम केला. मेल मिळाला की उत्तरात "मिळाला" लिहायचं. उत्तर येतं तो मेल कंपनीला हवासा वाटतो, आणि मला कुठला पत्ता मेलाय, कुठला जिवंत आहे ते कळतं. तासाभरात उत्तर नाही आलं तर मी फोन करते. आता मी नेहमी फोन करते.

यादीत मी बोटं तुटलेल्या त्या बाईचंही नाव घातलं. तिनेच मागितलं. तिचा मुद्दा असा होता की खबर तिच्याबद्दल असते आणि पोचते मात्र सगळ्या गावाला, तिला सोडून. भावाने तिला स्वस्तातला स्मार्टफोन घेऊन दिला होता. ती डाव्या हाताने लिहायला शिकत होती.

काही महिन्यांनी नवरा वरच्या कोर्टातून सुटला. तालुक्यात पाऊल टाकायचं नाही, अशी अट होती. मी मेल पाठवला आणि फोन हातात घेऊन बसले. पहिलं उत्तर सिस्टरचं आलं, मग ठाण्यातलं. पाटलाचं आलं तेव्हा मी त्याचा नंबर काढलाच होता. "मिळाला. निघालो."

ती भावाचं घर सोडून जायला तयार नव्हती. त्याने घरून प्लास्टिकची खुर्ची नेली आणि त्या बिनदाराच्या चौकटीत टाकली. काठी मांडीवर. तीन दिवस तो तिथे बसला. जेवायला गेला की खोरं घेऊन भावजय बसायची. तिसऱ्या दिवशी भर दुपारी नवरा आला. या वेळी कोयत्याबरोबर पेट्रोलची बाटलीही होती. पाटील उठला. कोयता त्याच्या खांद्यात शिरला, हाडावर अडकला, आणि तो उपसायच्या आत भावजयीने मागून खोऱ्याचा दांडा घातला. बाटली फुटली. शेतातून माणसं धावत आली. कुणाच्या हातात पहार, कुणाच्या हातात चाबकाचा दांडा. पोलीस पोचेपर्यंत नवऱ्याच्या दोन्ही नडग्या मोडल्या होत्या आणि तोंड ओळखू येत नव्हतं.

मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. जमिनीवर पेट्रोलचा वास आणि काचा. ती चौकटीच्या आत उभी होती, डावा हात लाकडावर. लोक नवऱ्याला मारत असताना तिने कुणाला थांबा म्हटलं नव्हतं, असं भावजयीने सांगितलं. मी आधी पोचले असते तर मी म्हटलं असतं का, ते मला सांगता येणार नाही. इस्पितळात पाटलाच्या खांद्याला टाके पडत असताना त्याने मला विचारलं, मारणाऱ्यांची नावं मेलमध्ये जाणार का. मी सांगितलं की नावं पोलीस लिहितील. मेलमध्ये कोण जखमी आहे, कोण ताब्यात आहे आणि बाई कुठे आहे, एवढंच जाईल.

संध्याकाळी केंद्रात येऊन मी तो मेल लिहिला. चार ओळी. नवरा पोलीस पहाऱ्यात इस्पितळात, पाटील जखमी, बाई सुखरूप, भावाच्याच घरी. पाठवला आणि उत्तरांची वाट पाहिली.

पहिलं उत्तर तिचं आलं. बराच वेळ घेऊन लिहिलेलं असणार, अक्षरं मात्र तीनच. "मिळाला."

मी तिच्या नावापुढे खूण केली आणि ज्यांची उत्तरं आली नव्हती त्यांना फोन लावायला घेतले.