विकणाऱ्याच्या घरचा चहा

जुन्या गाड्यांच्या धंद्यात त्याला सगळे थर्मास म्हणत. तोंडावर काका, पाठ फिरली की थर्मास. दुर्मिळ स्पोर्ट्स कार विकत घ्यायची म्हटलं की शहाणा माणूस आधी याला गाठायचा. कारण अशा गाड्यांत बनवाबनवी फार. नंबर एकीचा, इंजिन दुसरीचं, पत्रा तिसरीचा आणि वरून चकचकीत रंग, की झाली दुर्मिळ! थर्मास यायचा, बाह्या सारून गाडीखाली सरपटत जायचा आणि बाहेर येऊन तिथल्या तिथे सांगायचा, खरी किंवा खोटी. आडपडदा नाही, ‘बघू, कळवतो’ नाही. एक घाव दोन तुकडे.

नाव पडलं ते त्याच्या एका हट्टामुळे. निकाल सांगेपर्यंत विकणाऱ्याच्या घरचा चहाच काय, पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. चहा पोटात गेला की माणूस मिंधा होतो आणि मग ‘खोटी’ म्हणताना जीभ अडखळते, असं त्याचं म्हणणं. म्हणून आपला चहा आपल्या थर्मासात. बरं, निकाल दिल्यावर तरी कोण विचारतंय? खोटी म्हटलं की दार आपटलं जायचं. खरी म्हटलं की घेणारा आणि विकणारा एकमेकांचे हात हलवण्यात दंग. हा आपला झाकणात ओतलेला चहा पिऊन घरचा रस्ता धरायचा.

आणि घरी तरी कोण होतं? बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा लांब, फोनवर ‘जेवलात ना बाबा?’ एवढं विचारून मोकळा होणारा. टेबलाला दोन खुर्च्या, त्यातल्या एकीवर इस्त्रीचे कपडे कायमचे बसलेले. काही दिवस असे जायचे की संध्याकाळी खोकला आला म्हणजेच त्याला स्वतःचा आवाज ऐकू यायचा. घर खायला उठायचं, आणि हे सांगायचं तरी कुणाला?

तर अशा या माणसाला एका दातांच्या डॉक्टरनं कामावर धाडलं. गाडी होती दोन सीटची, बुटकी, उघड्या टपाची. त्या जातीच्या बोटांवर मोजण्याइतक्याच शिल्लक. खरी असेल तर घेणार, नसेल तर हातही लावणार नाही, असं डॉक्टरनं विकणारीला स्पष्ट सांगितलं होतं. विकणारी एक विधवा बाई, साधारण थर्मासच्याच वयाची. नवऱ्यानं ती गाडी खरी म्हणून घेतली आणि खरी म्हणूनच आयुष्यभर जपली. आता बाईंना घर सोडून बहिणीच्या शेजारी दोन खोल्या घ्यायच्या होत्या. ते जमणार होतं ते याच गाडीच्या जोरावर.

पहिल्याच सकाळी थर्मास गाडीखाली गेला आणि त्याला सगळं कळलं. ही गाडी जिथे बनायची त्या कारखान्यात सांगाड्यावरचा नंबर हातानं ठोकायचे, एकेक आकडा वेगळा. त्यामुळे ओळ कधी सरळ यायची नाही. इथे आकडे कवायतीला उभे केल्यासारखे. त्यानं डोळे मिटून बोट फिरवलं, तर आकड्यांभोवतीचं लोखंड पातळ लागलं. म्हणजे आधीचा नंबर घासून काढलेला. जरा मागे सरकला तर सीटच्या खाली जोड. पुढचं धड एका गाडीचं, मागचं दुसऱ्याच साध्या गाडीचं. संपला विषय.

बाहेर येऊन त्यानं हात पुसले, झाकणात चहा ओतला. आता सांगायचं. बाई दारात उभ्या होत्या.

“तो गार झालाय,” बाई म्हणाल्या. “वाफ कुठाय त्याच्यावर? थांबा, माझा गरम आहे.”

आपल्या चहावर वाफ आहे की नाही हे कुणी बघून किती काळ लोटला होता! थर्मासच्या हातात कप आला आणि त्यानं तो तोंडाला लावला. इतक्या वर्षांचा नेम एका घोटात बुडाला. बाई स्टुलावर बसून बोलायला लागल्या. नवरा दर रविवारी गाडी धुवायचा, पण बायकोची पिशवी सीटवर ठेवू द्यायचा नाही. “सवतच ती माझी,” बाई म्हणाल्या. “तिला ओरखडा पडला तर हा माणूस जेवायचा नाही. मला ताप आला तर म्हणायचा, गोळी घे.”

थर्मास हसला. मोठ्यानं हसला आणि स्वतःच दचकला.

“काय मग? कशी आहे आमची सवत?”

“गिअरबॉक्स बघायचा राहिलाय,” थर्मास म्हणाला. “परत यावं लागेल.”

आता गिअरबॉक्स बघून काय दिवे लावणार होता? पण परत गेला. मग ब्रेक राहिले. मग वायरिंग. मग रंगाचे थर. दरवेळी गाडीखाली जरा वेळ पडून राहायचा, वरच्या जोडाकडे बघत, आणि बाहेर आला की कप तयार. त्याचा चहाचा थर्मास आता घरीच राहू लागला. बाईंनी त्याच्यासाठी निळा कप वेगळा काढून ठेवला. त्या बहिणीच्या खोड्या सांगायच्या, तो मुलाच्या लहानपणच्या. डॉक्टरचा फोन आला, “काका, एरवी तुम्ही तासाभरात सांगता.” तर म्हणाला, “घाई नको, गाडी नाजूक आहे.” खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे त्याला माहीत नव्हतं.

मग एका दुपारी तो आला तर भिंती उघड्या. फोटो उतरवलेले, खोकी दोरीनं बांधलेली, कपाट रिकामं.

“हे काय?”

“बांधाबांध,” बाई म्हणाल्या. “बहिणीनं शेजारच्या खोल्या धरून ठेवल्यात. मी कळवलं तिला, येतेय म्हणून.”

“पण मी अजून...”

“अहो, मला काय कळत नाही? डॉक्टरांनी सांगितलंय तुमचं, त्या थर्मासचंसुद्धा. खोटी असती तर पहिल्याच दिवशी तोंडावर सांगून गेला असतात. इतक्या वेळा येताय, म्हणजे आहेच तिच्यात काहीतरी.”

थर्मासनं त्या दिवशी कप भरलेलाच खाली ठेवला. आपण चोरी केली, असं त्याला वाटलं. एका बाईच्या आशेवर आपण रोजचा चहा पीत बसलो. घरी जाऊन त्यानं डॉक्टरला फोन केला आणि गाडी खोटी आहे एवढं सांगितलं. बाईंना आपणच सांगतो, म्हणाला.

दुसऱ्या सकाळी त्यानं चहा केला, थर्मासात भरला आणि निघाला.

बाईंनी दार उघडलं. त्यांची नजर त्याच्या तोंडाकडे गेलीच नाही. ती गेली हातातल्या थर्मासकडे.

“आणलात तो,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“म्हणजे खोटी.”

“खोटी आहे, ताई. दोन गाड्यांची एक केलेली. तुमच्या यजमानांना फसवलं कुणीतरी.”

बाई खोक्यावर बसल्या. निळा कप बाजूच्या उघड्या खोक्यात वरतीच होता, कागदात गुंडाळलेला.

“कधी कळलं?”

“पहिल्याच दिवशी.”

“मग इतके दिवस काय तपासत होतात?”

थर्मासकडे उत्तर होतं, पण ते बाहेर काढताना त्याला आयुष्यात वाटली नव्हती इतकी लाज वाटली. “घरी बोलायला कुणी नाही,” तो म्हणाला. “तुम्ही बोलत होतात. सांगितलं असतं तर संपलं असतं.”

बाई उठल्या आणि त्यांनी भिंतीजवळच्या खोक्याची दोरी सोडायला घेतली. तो मदतीला पुढे झाला, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं.

“बहिणीला आता काय सांगू मी?” त्या दोरीकडे बघत म्हणाल्या. आणि जरा थांबून, “पहिल्याच दिवशी खरं सांगितलं असतंत, तरी चहा दिला असता मी. रोज दिला असता.”

थर्मास बाहेर पडला. फाटकापाशी थांबून त्यानं झाकणात चहा ओतला. त्यावर वाफ होती. घरात खोकी सरकवल्याचा आवाज येत होता. आवाज थांबेपर्यंत तो झाकण हातात धरून उभा राहिला आणि मग तो गार चहा पिऊन घरी गेला.