मेव्हण्याच्या कातड्याची सारंगी

बायको गेली आणि म्हैस दूध चोरायला लागली. कासेला हात लावला की माझ्या मांडीवर लाथ. बायको धार काढायची तेव्हा तोंड म्हशीकडं आणि बोलणं माझ्याकडं. "आवं, पेंड भिजवली का? आवं, चरवी कुठं ठिवली?" माझं नाव तिनं जन्मात घेतलं नाही. मी "आलो, आलो" म्हणत जायचो आणि तिकडं चरवीत धारा वाजायच्या.

पोरगा म्हणाला, "आबा, हिला वडूजच्या बाजारात न्हेऊ." बायकोच्या मागं माझ्याजवळ तेवढीच राहिलेली. पण दूध न देणारी म्हैस कशाला ठेवायची, हे मला सांगता येईना. रविवारी टेंपो यायचा ठरला.

त्याच आठवड्यात पोराची पोरगी, माझी नात, पुण्याहून आली. ती वाजवणारी. संगं चिनी सारंगी. लांब दांडा, खाली डब्याएवढं भांडं, तारा दोनच. आणि गज तारांच्या मधोमध अडकलेला. मला वाटलं एसटीत दबला. गज सोडवायला मी कात्री आणली, तर पोरगी किंचाळली.

"आबा! तो तिथंच असतो!"

"बरं. आणि भांड्यावरचं ह्ये कातडं कशाचं?"

"अजगराचं."

माझी बायको शिराळ्याची. नाग म्हणजे तिचा भाऊ, त्याच्यासाठी पंचमीचा उपास धरायची. अजगर त्याच भावकीतला. म्हणजे नात्यानं हे माझ्या मेव्हण्याचं कातडं झालं.

"उंबऱ्याच्या आत आणायचं न्हाई. आजी उठून यील."

"मग गोठ्यात वाजवते," म्हणाली. हट्टाला आजीवरच गेली आहे.

आधी तिनं जुनी चिनी चाल वाजवली. मला गोड वाटली. म्हशीनं पाठ फिरवली आणि शेण टाकलं.

"जुनं आवडलं न्हाई तिला," मी म्हणालो.

"मग नवं ऐकू दे." सांगलीच्या कार्यक्रमासाठी ती जुन्या चालीत नवे प्रयोग घालत होती. तारेला कपड्याचा चिमटा लावला. रिकाम्या चरवीला बाहेरून बारका माईक चिकटवला. पायाखाली एक यंत्र ठेवलं, शेजारी स्पीकर.

"एकदा वाजवलं की हे तेच तेच म्हणत राहतं, आबा."

"तुझी आजी बी तसंच करायची."

आधी बिजागरी करकरली, मग मांजरं भांडली. मग तिनं बोट तारेवरून वरनं खाली घसरवलं.

"आऽवं."

"आलो," मी म्हणालो.

नातीचा हात थांबला. "कुणाला म्हणालात?"

यंत्र थांबलं नव्हतं. "आऽवं. आऽवं." नाकातला तोच आवाज, तीच घाई. म्हशीनं कान टवकारले, मागचे पाय फाकवले आणि सडातून थेंब गळायला लागले.

"चरवी दे!"

"त्याला माईक आहे, आबा!"

"मेव्हण्याच्या भनीची शपथ हाय, दे!"

मी बसलो. पहिली धार चरवीत पडली आणि नातीच्या स्पीकरातून पत्र्यावर दगड पडल्यागत आवाज झाला. यंत्रानं तोही उचलला. आवं, धडाड, आवं, धडाड. पोरगा बनियनवर पळत आला.

"आबा, सांगलीत ऐकू जाईल ह्ये!"

"जाऊ दे. म्हैस विकायची न्हाई."

तो चरवीकडं बघत राहिला. चरवी भरत आली होती. म्हशीकडं बघून म्हणाला, "आईला घाबरत हुती व्हय ही बी."

रविवारी टेंपोवाल्याला दुधाचा चहा पाजून रिकामा लावून दिला. नातीनं सांगलीला बोलावलं होतं, पण कार्यक्रमाची वेळ धारेचीच. गेलो नाही. तेवढा आवाज तिनं माझ्या फोनमध्ये घालून दिला आहे. मी खाली बसतो, फोन पेंडीच्या पोत्यावर ठेवतो. तो "आवं" म्हणतो. मी "आलो" म्हणतो आणि जागचा हलत नाही. बायको असती तर एवढ्यावरनं दिवसभर बोलली असती.