दहाची हजेरी

चपला दाराबाहेर, टाचेला टाच लावून. शर्टाचं गळ्याचं बटण लावलेलं. मग उंबऱ्याशी उभं राहून एकच वाक्य, "हजर हाय, सायेब."

तुम्ही सरकारी कचेऱ्यांतून पुष्कळ हिंडला असाल, पण कचेरीचा इतका मान राखणारा माणूस तुम्हाला भेटला नसणार. मी शहरातल्या एका पोलीस ठाण्यात लेखनिक होतो. कुठल्या, ते विचारू नका. पेन्शन चालू आहे. हा गृहस्थ खुनाच्या शिक्षेत होता आणि लेकीच्या लग्नासाठी महिन्याच्या पॅरोलवर सुटला होता. रोज सकाळी दहाला ठाण्यात सही करायची, ही अट. शहराच्या कडेला गारखेड्यात तेव्हा शेतं होती. तिथं मेव्हण्याकडे राहायचा आणि चालत यायचा. तो दारात दिसला की आमचे हवालदार भिंतीवरचं घड्याळ लावून घ्यायचे.

एकदा मी रजिस्टरात आदल्या दिवसाची तारीख टाकली. "सायेब, तारीख कालची पडली. नियम म्हंजी नियम," असं म्हणून त्यानं खाडाखोडीवर माझीच सही घेतली. चहा दिला तर घ्यायचा नाही. "कैद्याला ठाण्यातला च्या चालतो का, बघून सांगा." मी काय बघणार, कपाळ? नियमांचं पुस्तक आम्ही टेबलाच्या पायाखाली घातलं होतं. टेबल डुगडुगायचं.

एकदा धीर करून विचारलं, खून केला तरी कशापायी? फर्दापूरकडच्या त्याच्या गावात चुलतभाऊ दरसाल याच्या शेताचा बांध कोरायचा.

"तीनदा सांगितलं, सायेब. लई गोडीनं सांगितलं."

"आणि चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा कशाला सांगायचं?"

आम्ही पोट धरधरून हसलो. तोही हसला, तोंडावर हात ठेवून.

मेव्हणा त्याला जामीन होता, आणि ही गोष्ट साऱ्या गारखेड्याला माहीत व्हावी अशी मेव्हण्याची फार तळमळ होती. हॉटेलात, पारावर, एकच पालुपद, "दाजी माझ्या सहीवर भाईर हायेत."

एके दिवशी सही झाल्यावर हा घुटमळला. "सायेब, जामीन बदलता येतो का?"

"का हो?"

"व्याह्यांम्होरं तसंच बोलला. पोरगी आत रडत बसली. सोयरीक मोडती का काय, असं झालं."

मी म्हटलं, सोयऱ्याधायऱ्यांचं बोलणं हसण्यावारी न्यावं. चार दिवसांनी त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, बघू. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा लग्न परवावर आलं होतं. "आता राहिलेल्या आठ दिवसांसाठी कशाला कागद नाचवता?" मी म्हणालो.

"व्हय, सायेब," असं म्हणून त्यानं चपला घातल्या. माझ्या डोक्यात काही आलं नाही. खरं सांगतो, मला फक्त लिहायचा कंटाळा आला होता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला तो उंबऱ्याशी उभा. डोक्याला गुलाबी फेटा, हातात बुंदीच्या लाडवांची पुडी.

"हजर हाय, सायेब. पोरगी नांदायला गेली. काल सांजच्याला गाडीत बसवली."

त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले. हवालदारांनी दोन लाडू उचलले. त्यानं वळणदार सही केली, शाईवर फुंकर घातली आणि म्हणाला, "आता जामीन बदलावा लागंल."

"का?" मी लाडू चावत विचारलं.

"जुना सकाळी विहिरीवर मारला. पोरगी जाईस्तोवर कळ काढली, सायेब."

तोंडातला लाडू गिळवेना, थुंकवेना. हवालदारांनी बेडी काढली, पण घाईत तिला चावी लागेना. "अशी न्हवं, उलटी फिरवा," असं त्यानंच सांगितलं.

दुपारी त्याची बायको आली. तिचा नवरा गेला होता आणि भाऊही. दाराबाहेर टाचेला टाच लावून ठेवलेल्या चपला तिनं पदरात घेतल्या आणि गेली.

मी टेबलाखालचं पुस्तक ओढून काढलं. जामीन बदलायच्या अर्जाचा नमुना त्यात होता. जेमतेम अर्धं पान.