सहाव्याची जागा

पडदा वर जातो तेव्हा समोर पाण्याच्या टाकीमागचं मैदान आहे. दोन लोखंडी खांब, मध्ये तीन ठिकाणी गाठी मारलेलं जाळं, जमिनीवर चुन्याच्या रेघा. उन्हं कलली आहेत. जाळ्याच्या पलीकडे सहा जण उभे आहेत, अलीकडे पाच. कप्तान बॉल घेऊन मागे येतो, तो शेवटच्या रेघेवर ठेवतो आणि आपल्या जागी परत जातो. सर्व्हिस करायला तिथे कुणीच नाही. पंच आठ सेकंद घड्याळाकडे बघतात आणि शिट्टी फुंकतात. सर्व्हिस पलीकडे जाते. बघणारे खो-खो हसतात.

हा त्यांचा चौथा सामना. व्हॉलीबॉलमध्ये पाळीपाळीने सगळे एकेक जागा सरकतात, आणि या पोरांनी सहाव्याची रिकामी जागासुद्धा आपल्याबरोबर सरकवायची असं ठरवलं होतं. सामने भरवणाऱ्या मंडळाने बरंच डोकं खाजवलं. सहापेक्षा जास्त खेळाडू नकोत असं नियमात होतं. कमी नकोत, हे लिहायचं कुणाला सुचलंच नव्हतं. तेव्हा पाच जण उतरायचे आणि सपाटून मार खाऊन परत यायचे.

सहावा म्हणजे लिफ्टर. आलेला बॉल बोटांच्या टोकांनी अलगद वर चढवायचा आणि दुसऱ्याने तो जोरात हाणायचा. टाळ्या हाणणाऱ्याला मिळतात, चढवणाऱ्याकडे कोण बघतो? पण कप्तानाला विचारा. तो डोळे मिटून उडी मारायचा, आणि बॉल जिथे हवा तिथे आलेला असायचा. लिफ्टर सायकलच्या दुकानात वाकडी चाकं सरळ करायचा. तोच तोल बोटांत उतरला असेल. सातवीपासून सगळी गल्ली त्याला लिफ्टरच म्हणायची. पोस्टमनसुद्धा.

खऱ्या नावाने त्याला एकटा कप्तान हाक मारायचा, तीही रागावला की. मास्तर हजेरी घेतात तशी: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, ठणठणीत आवाजात. लिफ्टर वळून हसायचा, आणि राग तिथेच संपायचा.

कप्तानाच्या बाबांचं काचेचं दुकान. काच कापायच्या हिरकणीने रेघ ओढायची, काच टेबलाच्या कडेवर धरायची, आणि टक्. काच नेमकी कुठे तुटावी हे त्याला ठरवता यायचं. तोंडातून निघालेल्या शब्दाचं तसं नसतं, हे त्याला त्या संध्याकाळी कळलं.

त्या आठवड्यात हवा बिघडली होती. कुणीतरी कुठेतरी काहीतरी केलं अशी आवई होती, आणि जो तो समोरच्याच्या कपाळावर धर्म शोधत होता. पोरांनी तरीही सराव केला. टाकीजवळ दोघांच्या वाटा फुटायच्या. लिफ्टर रस्ता ओलांडून गेला, आणि त्याची गुडघ्याची पट्टी आपल्याच पिशवीत राहिल्याचं कप्तानाच्या लक्षात आलं. रोजचा विसरभोळा. कप्तानाने हजेरी घेतली, पूर्ण नावानिशी, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी.

कोपऱ्यावर चार जण काठ्या घेऊन उभे होते. चेहऱ्यावरून त्यांना काही कळलं नसतं. हाकेवरून कळलं.

कप्तान धावला, नाही असं नाही. एकाने त्याची कॉलर धरली आणि नाव विचारलं. त्याने सांगितलं. कॉलर सुटली. वर पाठीवर एक थाप पडली, घरी जा म्हणून. थाप मारणारा माणूस मंडळाचा पंच होता.

लिफ्टरचं उजवं मनगट मोडलं. त्याच रात्री त्याच्या घरावर दगड पडले. आठ दिवसांत तो आणि त्याची आई सामान बांधून दुसऱ्या गावी मामाकडे गेले. जबाब घ्यायला हवालदार आले तेव्हा बाबांनी पोराला आत बोलावून सांगितलं, आपलं दुकान काचेचं आहे, एवढं लक्षात ठेव. कप्तानाने बाहेर येऊन सांगितलं की अंधार होता, चेहरे दिसले नाहीत.

नंतर तो सुट्टीच्या दिवशी शिडी घेऊन लिफ्टरच्या बंद घराकडे जायचा. फुटलेली तावदानं त्याने एकेक करून बसवली. सात होती. शेवटचं बसवल्यावर तो काचेला नाक लावून आत बघत राहिला. भिंतीवर कॅलेंडर होतं, कोपऱ्यात मोडकं स्टूल. त्याच स्टुलावर बसून त्याने किती वेळा जेवण हाणलं असेल. लिफ्टरची आई, त्याची मावशी, वाढत असायची आणि लिफ्टर म्हणायचा, याला पुरे, याची उडी जड होते.

मैदानावर मात्र तेच पंच होते. तीन सामने त्या माणसाने रिकाम्या जागेसमोर शिट्टी फुंकली आणि तीन सामने कप्तान जमिनीकडे बघत राहिला. चौथ्या सामन्यात शिट्टी वाजल्यावर पंच जरा वाकले आणि आपुलकीने म्हणाले, "अजून सहावा मिळाला नाही का रे? आपल्यातलाच घ्या की एखादा. पोरं काय कमी आहेत?"

कप्तानाने रेघेवरचा बॉल उचलला, काखेत मारला आणि चालू लागला. मागून चौघं आले. त्यांच्यातल्या लांब्याने एवढंच विचारलं, "घरी?"

"चौकीत."

चौघांनी काहीच पाहिलं नव्हतं. ते घामट कपड्यांनी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. आत फौजदारांनी टोमणा मारला की चार महिन्यांनी बरं आठवलं. आठवत रोजच होतं, असं कप्तान म्हणाला. त्याने पंचांचं नाव सांगितलं, बाकीच्या तिघांचं वर्णन सांगितलं. मुलगा कोणत्या धर्माचा हे त्यांना कळलं कसं, या प्रश्नावर त्याने काखेतला बॉल टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "माझ्याकडून. मी हाक मारली होती." तेही लिहून घेतलं गेलं.

पंच आणि दोघे पकडले गेले. चौथ्याने, जो कोण होता त्याने, दुकानाची दर्शनी काच फोडली. बाबांनी तुकडे झाडले, नवी काच मापाला कापली आणि म्हणाले की आपलं एक बरं आहे, माल घरचाच आहे. पोराच्या जबाबाबद्दल ते बोलले नाहीत, पण त्या दिवशी काच धरायला त्यांनी त्यालाच हाक मारली.

पुढच्या सुट्टीला पाचही जण बसने मामाच्या गावी गेले. मावशीने दारातच कप्तानाची हनुवटी धरली आणि वाळलास म्हणाली. मग तिचे प्रश्न. नळाला पाणी वेळेवर येतं का? शेजारची मांजर अजून आपल्या कठड्यावर बसते का? घर तसंच आहे का? तावदानं नवी बसवली आहेत, हे ऐकल्यावर ती चहा टाकायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

लिफ्टर मागच्या अंगणात सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरत होता, डाव्या हाताने. कप्तान बाकीच्यांना दारातच थांबवून एकटा गेला. इतक्या दिवसांचं पाठ केलेलं सगळं विसरून त्याने एका दमात सांगून टाकलं: हाक माझी होती, आणि माझं नाव ऐकून मला सोडलं.

लिफ्टर म्हणाला, "माहितीये. तू हाक मारलीस की मी वळायचोच. त्यात काय."

त्याने पंप खाली ठेवला आणि उजवा हात पुढे केला. मनगट अर्ध्यावर अडत होतं. डॉक्टर म्हणतात आता एवढंच, असं तो म्हणाला. बॉल चढवणं संपलं. मग परत मैदानावर येऊन करू काय?

कप्तानाने तो हात दोन्ही हातांत घेतला. मग तो म्हणाला, "नको चढवूस. नुसता येऊन उभा राहा. पाच जणांना ते मैदान फार मोठं पडतं रे."