आप्पांच्या खिडकीखालचे बाकडे

दशरथआप्पांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते शिरूरमधल्या एका परक्या घरात, हॉलच्या फरशीवर उताणे पडलेले होते. इनामगावची शाळा संपवून मी पॉलिशचे काम शिकलो होतो आणि त्या घरी शोकेसला पॉलिश करत होतो. मला वाटले, पाहुणे चक्कर येऊन पडले. मी पाण्याचा तांब्या घेऊन धावलो. त्यांनी पडल्यापडल्याच हात वर केला. म्हणाले, “पाणी नको. म्हातारीची खाट हितं येणार हाय. तिला खिडकीतनं काय दिसंल ते बघतोय.”

ती म्हातारी शेजारीच बसून आपल्या जागी झोपलेल्या या माणसाकडे कौतुकाने बघत होती. आप्पा उठले, कपडे झटकले आणि मालकांना म्हणाले की शोकेस अर्धी खिडकी खाते, तेव्हा ते हलवावे लागेल. ज्यावर मी सकाळपासून हात चालवत होतो तेच हे शोकेस. माझे तोंड पडलेले बघून ते म्हणाले, “पॉलिश झ्याक झालंय. दुसऱ्या भिंतीला पण झ्याकच दिसंल. उद्यापासून माझ्याकडं ये.” मी गेलो, तो आजतागायत त्यांच्याकडेच आहे. आज त्यांच्या एकसष्टीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला, त्याचे कारण एवढेच.

आप्पांच्या इंटिरियरच्या कामाची पद्धत आपणा सर्वांना ठाऊक आहे, काहींना तिचा त्रासही झाला आहे. घराचे काम घेण्याआधी ते त्या घरी एक वेळ जेवतात. हॉलमध्ये बसवले तर उठून स्वयंपाकघरात जातात, घरातल्या बाया जिथे बसून भाजी निवडतात तिथे मांडी घालतात आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. शिक्रापूरच्या एका नव्या फ्लॅटवाल्यांनी मला बाजूला घेऊन विचारले होते की तुमचे साहेब रागावले आहेत का. मी सांगितले की नाही, मोजमाप चालू आहे.

इतक्या वर्षांच्या कामात त्यांनी घरांच्या किती तऱ्हा येताना आणि जाताना पाहिल्या. बाहुल्या आणि कधीच न वापरलेले कपबशांचे सेट ठेवायची काचेची शोकेस गेली. मग छताला पीओपीची फुले आली, त्यात निळे-जांभळे दिवे आले. नंतर भिंतींना खडबडीत रंग आला, आणि त्यावर पाठ घासून लहान पोरांची खाज भागू लागली. आता सगळ्यांना राखाडी रंग हवा असतो. आप्पांनी गिऱ्हाइकाला कधी हिणवले नाही. मागेल ते करून दिले, चोख करून दिले. फक्त एक वाक्य ते प्रत्येक घरी म्हणतात, “दमून आलेला माणूस आपसूक जिथं टेकतो, ती जागा कधी जुनी होत न्हाई. ती तेवढी मला सोडा, बाकी तुमच्या मनासारखं करू.”

हे वाक्य त्यांच्या स्वतःच्या घरावर उलटले, ती हकीकत मी जवळून पाहिली आहे. आप्पांची परवानगी घेऊन ती इथे सांगतो.

आप्पांचे चिरंजीव सुशांत कारेगावजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. पगार चांगला, स्वभाव चांगला, पण लग्न जमेना. हल्ली आपल्याकडे मुलीकडचे लोक मुलाआधी घर बघतात, आणि आप्पांचे घर बघून पाहुणे गप्प होत. छत साधे, त्याला साधा पंखा, आणि पूर्वेच्या खिडकीखाली आप्पांनी तरुणपणी केलेले सागवानी बाकडे. तीन-चार स्थळांकडून उलट निरोपच आला नाही. एका मध्यस्थाने शेवटी खरे सांगितले. लोक म्हणतात, इंटिरियरवाल्याच्या घरात इंटिरियरच नाही.

त्या दिवशी वहिनींचा, म्हणजे आप्पांच्या पत्नींचा, धीर सुटला. त्या आप्पांना म्हणाल्या, “साऱ्या तालुक्याची घरं नटवली तुम्ही. पोरगं तसंच राहायचं व्हय?”

दुसऱ्या दिवशी सुशांतला समोर बसवून, गिऱ्हाइकाला विचारतात तसे आप्पांनी त्याला सारे विचारले आणि कामाला लागले. कुठेही हात राखला नाही, टोमणा मारला नाही. स्वयंपाकघराची भिंत पाडून ओपन किचन केले. एसीसाठी खिडक्या बंद केल्या. एल आकाराचा, बसले की माणूस दिसेनासा होईल असा सोफा आणला. बाकडे मात्र ते काढेनात. म्हणाले, राहू दे, वरून पडदा सोडू, पाहुण्यांना दिसणार नाही. सुशांतने नाराजीने मान्य केले.

त्याच कामात सुशांतने बुद्धमूर्तीही मागवली होती. मागे दिवे, पुढे पाण्याची धार, अशी हल्ली बहुतेक हॉलमध्ये असते. विजेचा पॉइंट होता दाराजवळ, चपलांच्या कपाटावर, म्हणून मिस्त्रींनी ती तिथे मांडली. मी रोज सकाळी बुद्धवंदना घेऊन कामाला निघतो. शोभेची मूर्ती चपलांवर बसलेली मी यापूर्वीही पाहिली होती, आणि घर गिऱ्हाइकाचे म्हणून गप्प राहिलो होतो. त्या दिवशीही गप्पच होतो. आप्पांनी माझ्याकडे पाहिले, मूर्तीकडे पाहिले, आणि सुशांतला अगदी सहज विचारले, “चपलांवर तुझ्या आजोबांचा फोटो लावू का?”

मग त्यांनी हात धुतले, मूर्ती दोन्ही हातांनी उचलली आणि माझ्यासमोर उभे राहिले. “मिलिंद, कुठं बसतील ते तू सांग.”

बसतील, असे म्हणाले. मी पूर्वेच्या खिडकीजवळचा कोनाडा दाखवला, बाकड्याच्या वरचा. तिथे वायर पोचत नव्हती. आप्पा म्हणाले, बरे झाले, पाण्यावाचून त्यांचे काही अडत नाही.

दौंडचे पाहुणे आले तेव्हा मीही हजर होतो. मुलगी प्रियंका, तिचे आई-वडील, आणि ज्यांच्या शब्दावर सारे ठरणार होते ते तिचे मामा. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, देहाने भारदस्त. ते सोफ्यावर बसले आणि खाली जात राहिले. थांबले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीपाशी आले होते. त्या अवस्थेतही त्यांनी गंभीरपणे पगाराची चौकशी केली.

वहिनींनी पोह्यांना फोडणी टाकली. हिरव्या मिरच्या रांजणगावच्या बाजारातल्या, आणि मधली भिंत आता नव्हती. चिमणी होती, पण तिच्या आवाजात बोलणे ऐकू येणार नाही म्हणून सुशांतनेच ती बंद ठेवायला सांगितली होती. आधी मुलीची आई खोकली, मग वडील, मग सगळेच. खिडक्या सगळ्या घट्ट बंद होत्या. मामांनी उठायला जोर केला, तर ते आणखी खाली गेले आणि शेजारी बसलेले प्रियंकाचे वडील घरंगळत त्यांच्या अंगावर आले. आप्पांनी मामांचा एक हात धरला, मी दुसरा धरला. “वढा,” मामा म्हणाले. आम्ही ओढले.

त्यांना बाहेर काढले खरे, पण आता बसवायचे कुठे? वहिनींच्या डोळ्यांत पाणी होते, ते सगळेच मिरचीचे नव्हते. सुशांत भिंतीकडे बघत होता. आणखी एक स्थळ गेले, हे त्या घरात सगळ्यांना कळले होते.

आप्पांनी पडदा सारला, बाकड्यामागची खिडकी जोर लावून उघडली आणि मामांना तिथे टेकवले. बाहेरचा वारा आत आला. मामांनी दोन मोठे श्वास घेतले, बाकड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “हितं बसवायचं सोडून तिकडं कशाला पुरलं मला?”

प्रियंका मामांशेजारी येऊन बसली. तिने वर मूर्तीकडे पाहिले, बाकड्याकडे पाहिले. मग सरळ सुशांतला विचारले, “एवढी चांगली जागा झाकून का ठेवली?”

आप्पा काही सांगू शकले असते. त्यांनी पडदा नीट बाजूला बांधला. सुशांत म्हणाला, “मीच झाकायला लावली. तुम्हाला जुनी वाटंल म्हणून.”

“आणखी काय काय झाकलंय?”

सुशांतने क्षणभर विचार केला, आणि कपाळावर नीट बसवून आणलेले केस हाताने मागे सारले. पुढचे सारे रान मोकळे होते. प्रियंका खोकल्यातून हसली, आणि मग तिला हसू आवरेना. मामांनी वहिनींना हाक मारली, “ताई, पोहे हिकडंच आणा आता. मी काय उठत न्हाई.”

प्रियंका आज त्या घरच्या सूनबाई आहेत. आल्यावर त्यांनी स्वयंपाकघराला सरकते काचेचे दार लावून घेतले आणि खिडक्या मोकळ्या केल्या. सोफा आमच्या गोडाऊनमध्ये आहे. जेवणानंतर त्यावर कुणी टेकला की तो दुपारी कामाला मिळत नाही. आणि हल्ली तरुण गिऱ्हाइके मोबाईलवर परदेशातल्या घरांचे फोटो आणून दाखवतात, खिडकीखाली लाकडी बैठक, वर ऊन. असे नवीन काहीतरी करून द्या म्हणतात. आप्पा चष्मा लावून फोटो लक्षपूर्वक बघतात आणि म्हणतात, “चांगलं हाय. जमंल.” आमच्याकडेही आहे, असे ते कुणाला सांगत नाहीत.

एकसष्टीला आप्पांना भेट काय द्यावी, यावर आम्हा मंडळींची बैठक झाली. कुणीतरी मागे रेलणारी, बटणावर चालणारी खुर्ची सुचवली. दौंडचे मामा त्या बैठकीला आले होते, त्यांनी हात वर करून विरोध नोंदवला. शेवटी काहीच ठरले नाही. म्हणून मी माझ्यापुरते सकाळच्या वंदनेत जे मागतो, तेच इथे लिहितो. आप्पांना उदंड आयुष्य लाभो. परक्यांच्या घरी फरशीवर पडून खिडकीबाहेर बघण्याइतकी नजर त्यांची शाबूत राहो. आणि जिथे म्हणून ते बसतील, तिथून कुणाचाही हात न धरता त्यांना पुष्कळ वर्षे उठता येवो.