बिननंबरची बरणी

कोरडी वीट पाण्याच्या बरणीत सोडली की काका वाकून बरणीला कान लावायचे. "मॅडम, ऐका, बोलतेय." खरंच आतून बारीक सूं ऐकू यायचं. घरी करून बघा. विटेतली हवा बाहेर पडते, एवढंच. पण काकांच्या शेजारी उभं असताना एवढंच वाटायचं नाही.

नोएडातल्या आमच्या बांधकाम-साहित्याच्या लॅबमध्ये ते माझ्या कितीतरी आधीपासून होते. मूळचे नागपूरचे. विटा मशीनखाली दाबून किती भार सोसतात ते बघायचं, हे त्यांचं काम. पुढे कारखान्यांचा गाळ मिसळलेल्या विटा येऊ लागल्या, तेव्हा त्या पाण्यात ठेवून शिसं, क्रोमियम असलं काय विषारी उतरतं तेही तपासू लागलो. काकांना हे आमचे नखरे वाटायचे. "मी स्वतः दाबून बघितलीय. बिल्कुल पक्की."

तपासून उरलेल्या विटा ते स्कूटरवरून घरी न्यायचे. अंगणातली पिण्याच्या पाण्याची टाकी त्यांनी त्यातूनच बांधली. "काका, तुमच्याकडे आपलं ब्रँच ऑफिसच झालं," असं आम्ही चिडवायचो. ते खूश व्हायचे.

एका सोमवारी शेल्फच्या टोकाला नंबर नसलेली बरणी दिसली. आत विटेचा तुकडा, पाणी पिवळसर.

"घरची आहे," काका म्हणाले. "टाकीचा गिलावा सुटला. आत पिवळे ओघळ दिसले. म्हटलं, बघू."

मी पाणी बदललं. मंगळवारी परत पिवळं. बुधवारीही. सकाळी दार उघडलं की आम्ही दोघं आधी तिकडेच बघायचो, आणि मला तिथे जायची भीती वाटू लागली.

रिपोर्टमध्ये क्रोमियम निघालं. काकांनी कागद दोनदा वाचला. "नात दोन वर्षांची आहे, मॅडम. तिची दुधाची पावडर त्याच पाण्यात कालवतो." मी काहीतरी वेगळं सांगेन म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. फोनही बंद. महिन्याने मी त्यांच्या घरी गेले, तर कुलूप.

"बच्ची को डॉक्टर को दिखाने नागपुर ले गए," शेजारीण म्हणाली.

टाकी फोडलेली होती. विटा अंगणात ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीवर खडूने नंबर. ते मी लॅबच्या जुन्या रजिस्टरमध्ये शोधले. एकही चुकला नव्हता. प्रत्येकापुढे काकांच्याच अक्षरात लिहिलं होतं, पास.

बरणी अजून शेल्फवर आहे. पाणी मी बदलते. मुरलेली वीट बोलत नाही, हे मला माहीत आहे. तरी वाकून कान लावते. सकाळी पाणी पिवळं असतं.